तीन बाजूंनी बंद

दि. ९ मार्च, रविवार, दुपार

ताई,

नमस्कार. साष्टांग लिहायची सवय आहे, पण गुडघे आता ऐकत नाहीत, तेव्हा तो मनातल्या मनात घातला असं समज. भावोजींनाही नमस्कार. त्यांचा खांदा आता वर उचलतो का ते कळव. आम्ही बरे आहोत. आई बरी आहे. खरंच बरी आहे.

आधी एक काम लिहून टाकतो. येत्या शनिवारी आईच्या घराची तुझ्याकडची किल्ली भाडेकरूंना द्यायचं ठरलंय, ती देऊ नकोस. शिलाईचं मशीन तुझ्या ओळखीच्या बाईंना कबूल केलंयस, त्यांनाही जरा थांबायला सांग. कारण पुढे येईल. पण लिहिता लिहिता माझा धीर सुटला तरी निदान एवढं तुझ्यापर्यंत पोचावं, म्हणून ते सगळ्यात वर. उद्या सकाळी कुरियरने टाकतो, परवा मिळेल.

तू म्हणशील, याला या वयात पत्र लिहायचं काय सुचलं? अगं, फोन दोनदा केला होता. दोन्ही वेळा तू ‘हं, बोल’ म्हणालीस आणि मी तुमच्याकडे उकडतंय का, आमच्याकडे किती उकडतंय, एवढं बोलून फोन ठेवला. ही शेजारी बसली होती. म्हणाली, “हवामान खात्यात नोकरी लागली का तुम्हाला?” बायको माझी, पण टोमण्यांत शिष्या तुझी.

तर आधी तू विचारलंस त्याचं उत्तर देतो, म्हणजे हात जरा सैल होईल. तुमच्याकडेही दुपारची वीज जायला लागली, आणि भावोजी म्हणतात, “याच्यासारखाच जनरेटर घेऊ, यानं वाचूनबिचून घेतला असेल.” वाचून घेतला हे खरं आहे. ग्रंथपालाला दुसरं येतं काय? महिनाभर माहितीपत्रकं जमवली, मासिकं चाळली, कोष्टक केलं.

घरातल्या कोणत्या वस्तू एकाच वेळी चालल्या पाहिजेत, ते आधी ठरवा. फ्रिज, दोन पंखे, दिवे, असं. पाण्याचा पंप धरायचा असेल तर सांभाळून. तो चालताना जेवढी वीज ओढतो त्याच्या तिप्पट सुरू होताना ओढतो, आणि छोटा जनरेटर तिथेच मान टाकतो. आपोआप सुरू होणारा घ्या. वीज गेली की जरा वेळाने आपला आपण घरघरायला लागतो, कुणी घरी असो नसो. जोडणी जाणत्या माणसाकडूनच करा आणि मध्ये चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, म्हणजे खांबावरची वीज आणि जनरेटरची वीज एकमेकींत मिसळत नाही. भिंतीच्या प्लगात वायर खुपसून काम भागवणारे हुशार लोक असतात. त्यांची वीज उलटी खांबावर जाते आणि तिथे काम करणाऱ्याच्या जिवावर बेतते. तेल वेळेवर बघा. वीज गेली नाही तरी पंधरवड्यातून एकदा थोडा वेळ चालवा, नाहीतर ऐन वेळी रुसून बसतो.

आणि जागा. ताई, हे भावोजींना मोठ्याने वाचून दाखव. जनरेटर उघड्यावर ठेवायचा. घराच्या खिडक्यांपासून, दारांपासून, झरोक्यांपासून लांब, आणि चारही बाजूंनी मोकळा. आवाज किती, रंग कोणता, दिसतो कसा, हे सगळं त्याच्या नंतर.

मी नेमकं उलटं केलं. मी फक्त आवाज बघितला.

माझं आणि आवाजाचं वैर तुला ठाऊक आहेच. गल्लीतली पोरं मला शांतिकाका म्हणतात आणि मला ते कळत नाही असं त्यांना वाटतं. शेजारच्या सुताराच्या कटिंग मशीनवरून मी वीस वर्षं भांडलो. नगरपालिकेत अर्ज दिले. दुपारी एक ते चार मशीन बंद, असा हुकूम आणला तेव्हा जग जिंकल्यासारखा घरी आलो होतो. त्याच्या पोटावर पाय येतो, हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं, पण मला शांतता हवी होती. समोरच्यांचा कुत्रा, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, सगळ्यांना माझी एकेक चिठ्ठी गेलेली आहे. अशा माणसाच्या घरी जनरेटर आला.

का आणला तेही सांगतो, म्हणजे निदान तेवढं तरी माझ्या बाजूने राहील. आईच्या जिन्यात अंधार, वीज गेली म्हणून ती चाचपडत उतरत होती आणि शेवटच्या पायरीवर पडली. हाड वाचलं. तेव्हाच आपण दोघांनी फोनवर ठरवलं, की वीज सुरळीत होईपर्यंत तिनं माझ्याकडे राहायचं. ती तयार नव्हती. “माझी गिऱ्हाइकं काय तुझ्या दारात यायची?” म्हणाली. मी म्हणालो, मशीन इकडेच घेऊन ये, मागची खोली तुझी, आणि एक मिनिटही वीज जाणार नाही याची हमी माझी. हमी हा शब्द मी वापरला. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई, अजून लोकांचे शर्ट शिवते, याचा मला अभिमान होता. तिला अंधारात बसवायचं नाही एवढंच मनात होतं. ते खरं होतं, ताई. निघालं ते आगीतून फुफाट्यात.

बसवायला जो माणूस आला त्यानं जनरेटर परसातल्या कोपऱ्यात ठेवला, कंपाउंडच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे सुताराचं दुकान. जाताना त्यानं पुस्तिका उघडून चित्र दाखवलं. घर, जनरेटर आणि मध्ये बराच मोठा बाण. “याच्याभोवती काही बांधू नका,” म्हणाला. मी म्हणालो, “वाचता येतं मला.” असं चारचौघांत बोलत नाही मी एरवी. पण बोललो.

पहिल्या दिवशी मी रजा घेऊन घरी होतो. दुपारी वीज गेली, तो सुरू झाला आणि सुतार बाहेर येऊन भिंतीवर कोपर टेकून उभा राहिला. वाजले होते अडीच. त्याच्या मशीनला बंदी असलेली वेळ. तो काही भांडला नाही. हसून एवढंच म्हणाला, “काय साहेब, गिरणी टाकली का?” लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं तो म्हणाला नाही, पण मला ते स्पष्ट ऐकू आलं. मी आत येऊन पंख्याखाली बसलो आणि मला घाम फुटत राहिला.

त्याच आठवड्यात रविवारी मी जनरेटरला खोली बांधली. खोली म्हणजे काय, पत्रे उभे केले, वर पत्रा टाकला, आणि पत्र्यांना बाहेरून जुन्या गाद्या आवळून बांधल्या. ही बघत उभी होती. म्हणाली, “त्याला थंडी वाजते का?” मी हसलो नाही. एक बाजू सुताराकडे, ती बंद. एक समोरच्यांकडे, ती बंद. एक मागच्या बोळाकडे, तीही बंद. पण चारही बंद केल्या तर तो गुदमरून बंद पडतो, एवढं मला वाचून माहीत होतं. म्हणून चौथी बाजू उघडी ठेवली. ती आपल्या घराकडे होती. मागच्या खोलीच्या खिडकीकडे.

मी मुद्दाम तशी ठेवली, ताई. लोकांना त्रास नको. घरचे काय, घरचे तक्रार करत नाहीत.

आवाज खरंच कमी झाला. सुतार दुसऱ्या दिवशी भिंतीवर आला नाही. मला इतकं बरं वाटलं की मी संध्याकाळी हिच्यासाठी फुलं आणली.

पुढचं तुला तारखेवार माहीत आहे, कारण मीच तुला फोनवर सांगत होतो. आईचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं. आवाज नको म्हणून ती खिडकी लावून घ्यायची, वरचा झरोका मात्र उघडाच असायचा. दोनदा म्हणाली, “मला इथे कसला तरी वास येतो रे.” मी म्हणालो, “आई, पेट्रोलचा वास आहे, लक्ष दिलं नाही की येत नाही.” आम्ही दोघं दिवसभर कामावर. ती एकटी मागच्या खोलीत, आणि दुपारी वीज जायची ती चार-चार तास. आम्ही घरी येईपर्यंत वीज आलेली, जनरेटर थंड, खोलीत पंखा फिरतोय आणि आई मशीनसमोर हात मांडीत ठेवून बसलेली. विचारलं तर म्हणायची, “कुठलं शिवत होते तेच आठवेना.”

मग तो औषधवाल्याचा शर्ट. तिनं दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. साठ वर्षं शिवणारी बाई. कापड दुमडून एकावर एक ठेवायचं आणि कापायचं, तिच्या हातांना ते विचारावंही लागत नाही. औषधवाला भला माणूस, “राहू दे आजी, मी हाफ शर्ट करून घेईन” म्हणाला. आई हसली नाही. आणि मी काय केलं? मी तिच्यासमोरच त्याला म्हणालो, “वय झालं आता तिचं, तुम्ही मनावर घेऊ नका.” तिनं गळ्यातली टेप काढली, गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवली. पुन्हा घातली नाही.

डॉक्टरांकडे नेलं ते तुला सांगितलं होतं. एक गोष्ट सांगितली नव्हती. त्यांनी विचारलं होतं, “घरात कुठे धूर कोंडतो का? शेगडी, गिझर, काही?” आणि मी म्हणालो, “छे, आमच्याकडे सगळं हवेशीर.” खोटं बोलावं म्हणून नाही बोललो. जनरेटर मला आठवलाच नाही, कारण माझ्या लेखी तो घराबाहेर होता. डॉक्टरांनी मग विसराळूपणाच्या गोळ्या दिल्या आणि रोज तिला साध्यासाध्या गोष्टी विचारत जा म्हणाले.

त्यानंतरच आपण तिच्या घराचं ठरवलं. एकटी राहू शकणार नाही, मशीनची सुई टोचून घेईल, गॅस चालू ठेवील. तू रडत होतीस फोनवर. आईनं स्वतःच विषय संपवला. “देऊन टाका,” म्हणाली, “माझ्या डोक्याचा आता मलाच भरवसा नाही.” आपल्याला किती मोकळं वाटलं ते आठवतंय? मला आठवतंय.

मग ती दहा दिवस तुझ्याकडे आली. तू फोनवर म्हणालीस, नातीला फ्रॉक शिवला, अंगावर चोख बसला, हवापालट मानवला. मीही हवापालटच म्हणालो.

ती परत आली त्याच आठवड्यात ग्रंथालय रंगकामासाठी बंद होतं. मी घरी होतो. मागच्या खोलीत आईजवळ खुर्ची टाकून नव्या पुस्तकांची यादी तपासत बसलो होतो. आई शर्टाला बटणं लावत होती आणि मला तुझ्या सासूबाईंच्या गमती सांगत होती, अगदी खुलून. वीज गेली. जनरेटर सुरू झाला. तासाभरानं माझ्या लक्षात आलं की मी एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचतोय. डोकं जड, कानशिलं ठणकतायत. मी वर बघितलं. आईनं सुई खाली ठेवली होती. ती माझ्याकडे बघून म्हणाली, “आज शाळा लवकर सुटली का रे?”

ताई, तिच्या चेहऱ्यावर तेव्हा इतकं प्रेम होतं. मी तिला धरून अंगणात आणली, पायरीवर बसवली. बाहेरच्या हवेत माझं डोकं थोड्या वेळात उतरलं. तिलाही हळूहळू उमज पडला, मला विचारायला लागली, “असं बाहेर का बसवलंस?” आणि मी समोर बघत होतो. गाद्यांनी मढवलेल्या तीन बाजू आणि चौथी, आमच्या खिडकीकडे तोंड करून धूर ओकत होती. खिडकीची चौकट बाहेरून काळी पडली होती. त्या धुरात एक वायू असतो, त्याला रंग नाही, वास नाही. तो डोक्यात धुकं करतो, आणि जास्त झाला तर झोपेतच माणूस संपतो. हे मला शिकावं लागलं नाही. मी ते वाचलं होतं. माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर असतं, ठळक अक्षरात.

तिला वेड लागत नव्हतं. मी तिला दुपारी विष देत होतो आणि संध्याकाळी गोळ्या.

इथवर एक चूक आहे, ताई. मूर्खपणा म्हण, हट्ट म्हण, पण चूक. एवढंच असतं तर मी त्याच दिवशी तुला फोन केला असता. यापुढचं जे आहे, त्याला चूक म्हणत नाहीत.

त्या संध्याकाळी मी सगळे पत्रे उपसले, गाद्या भंगारात दिल्या. जनरेटर ढकलत परसाच्या पार टोकाला नेला. सुतार आपणहून हात लावायला आला. म्हणाला, “आवाजाचं काय मनावर घेता साहेब, आम्हाला सवय आहे.” हिला मी सांगितलं, आत फार तापत होता म्हणून बाहेर काढला. आईला काहीच सांगितलं नाही.

आई सुधारली. सुधारणारच. मळमळ गेली, डोकं दुखायचं थांबलं. मी डॉक्टरांकडे जाऊन सांगितलं, गोळ्या लागू पडल्या. त्यांनी चालू ठेवायला सांगितल्या, आणि मी गेले तीन आठवडे तिला नको असलेली गोळी रोज पाण्याबरोबर हातावर ठेवतोय. तू फोनवर म्हणालीस, “तू होतास म्हणून. माझ्यानं झालं नसतं एवढं. तुझी सेवा फळली.” मी म्हणालो, “चालायचंच.” ताई, मी ‘चालायचंच’ म्हणालो.

का बोललो नाही? रोज स्वतःला वेगळं कारण देत होतो. आता ती बरी आहे, उगाच कशाला. तू मला माफ करणार नाहीस. ही मला घरातून काढील. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण खरं कारण फार लहान आहे, लिहायलाही लाज वाटते. सगळ्या गल्लीला शिस्त लावणारा माणूस मी. सुताराला कळेल, ही मला भीती होती. आईचं घर जातंय, तिचं मशीन जातंय, साठ वर्षांचं काम जातंय, आणि मी सुताराला काय वाटेल याचा विचार करत होतो.

आणि डॉक्टरांनी सांगितलेले ते प्रश्न. आज वार कोणता, महिना कोणता. रोज संध्याकाळी चहा झाला की मी विचारायचो आणि आई शाळेतल्या मुलीसारखी सरळ बसून उत्तर द्यायची. तिला काही झालेलं नाही हे कळल्यावरही मी विचारत राहिलो. एकदम थांबलो तर कुणीतरी का म्हणून विचारील, म्हणून. चोराच्या मनात चांदणं. ती बरोबर उत्तर द्यायची आणि मग माझ्याकडे बघायची, पास झाले का म्हणून. मी म्हणायचो, “शाबास.”

काल तू फोनवर म्हणालीस की भाडेकरूंनी घराला रंग कुठला लावायचा तेही ठरवलंय. मी हिला बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती ओरडेल. ती म्हणाली, “मला सांगून काय उपयोग? मी कुठे वेडी ठरले होते?” आणि उठून गेली. रात्री माझ्याशी बोलली नाही, आज सकाळीही नाही.

म्हणून हे पत्र लिहायला बसलो. आणि इथवर लिहिल्यावर आत्ता माझ्या लक्षात येतंय की मी काल हिला सांगितलं, आज तुला सांगतोय, आणि आई पलीकडच्या खोलीत बसली आहे. तिला सोडून सगळ्यांना सांगणं चाललंय. पत्र इथे थांबवतो. तिच्याकडे जातो.

*

सांगून आलो.

ती डब्यातली बटणं निवडत होती. मी उभ्यानंच सांगितलं, बसायची हिंमत झाली नाही. पत्रे, गाद्या, कुठली बाजू उघडी ठेवली आणि का, सगळं. माझं संपल्यावर तिनं पहिलं विचारलं, “म्हणजे माझं डोकं ठीक आहे?”

मी म्हणालो, “हो. तुझं डोकं पहिल्यापासून ठीक होतं.”

तिनं डोळे मिटले आणि दोन्ही तळवे चेहऱ्यावरून फिरवले. मग हसली. अगं, लहानपणी आपल्याला ताप उतरल्यावर हसायची ना, तशी. मला वाटलं सुटलो. इतका हलका झालो मी, की मीसुद्धा हसणार होतो.

मग तिनं विचारलं, “तुला कधी कळलं?”

‘आज’ हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता. तिला खरं कधीच कळलं नसतं, हे पत्र मी फाडून पुन्हा लिहिलं असतं. मी म्हणालो, “तीन आठवडे झाले.”

ती पुन्हा बटणं निवडायला लागली. पांढरी एका वाटीत, काळी दुसऱ्या. वर न बघताच बोलली. आवाज चढवला नाही, माझ्यावर रागावली असंही वाटलं नाही. जसं म्हणाली तसंच लिहितो.

“सकाळी जाग आली ना, की मी डोळे उघडत नाही. आधी तुम्हा दोघांची नावं मनात म्हणून बघते. पहिलं तिचं, मग तुझं. दोन्ही आली की मग उठते. कधी तुझं यायला वेळ लागला तर तशीच पडून राहते, कुणाला कळू नये म्हणून. आजही तसंच केलं.”

मी तिथेच उभा राहिलो. ती म्हणाली, “मी उद्या माझ्या घरी जाते. तू येऊ नकोस पोचवायला, ती येईल.” ती म्हणजे ही. “आणि ताईला कळव, किल्ली कुणाला देऊ नको म्हणावं.” मग म्हणाली, “जा आता. पत्र पुरं कर.”

ते करतोय. ताई, तू पत्र मिळाल्यावर फोन आईला कर, मला करू नकोस. मला जे काय बोलायचं असेल ते नंतर बोल, कितीही बोल, मी ऐकीन. भाडेकरूंना काय सांगायचं ते माझ्या नावावर सांग, खरं सांगितलंस तरी चालेल. सुताराला मी स्वतः सांगेन. भावोजींना सांग, चारही बाजूंनी मोकळा.

एरवी पत्राच्या खाली मी पूर्ण नाव लिहितो आणि त्याखाली रेघ मारतो, तू त्यावरून चिडवतेस. आज नाव लिहायला हात धजत नाही. ज्या नावासाठी ती सकाळी डोळे मिटून थांबते, ते मी इथे सहज कसं लिहू?

तुझा धाकटा